मावशीच्या जुन्या नंबरवर गेलेले १८,००० रुपये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याहून मावशीला दवाखान्याच्या खर्चासाठी यूपीआयने १८,००० रुपये पाठवले. मोबाइलमध्ये तिचा जुना नंबर सेव्ह होता. तो तिने दोन वर्षांपूर्वीच बंद केलाय आणि आता तो दुसऱ्या कुणाकडे आहे, त्याच्या खात्यात पैसे गेले. अ‍ॅपमध्ये तक्रार केली, ती दुसऱ्या दिवशी 'व्यवहार यशस्वी' असा शेरा मारून बंद झाली. शाखेत गेलात तर म्हणाले पोलिसांत जा, पोलीस म्हणाले बँकेत जा. आता सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन करून 'माझी फसवणूक झाली' असं सांगितलं तर काम लवकर होईल का, असं विचारताय.

तसं सांगू नका. तुमची फसवणूक झालेली नाही आणि हा एक शब्द तुमचेच पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवू शकतो. मी २२ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी हाताळण्यात गेली. पैसे परत न मिळण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिल्याच अर्जात लिहिलेला चुकीचा प्रकार. पैसे अडकले, पैसे चुकून गेले आणि पैसे लुबाडले, या तिन्हींची खिडकी वेगळी, कायदा वेगळा आणि वेळेचं गणितही वेगळं. खातेदाराला मात्र तिन्ही वेळा एकच दिसतं, की आपल्या खात्यातून रक्कम गेली.

तुमची अ‍ॅपमधली तक्रार का बंद झाली ते आधी सांगतो. यूपीआय २०१६ साली आलं. ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या ज्या आयएमपीएस या झटपट पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेवर ते उभं आहे ती २०१० पासूनची. दोन्हींचा गाभा असा, की तुमची बँक रक्कम वजा करते, समोरची बँक त्याच क्षणी जमा करते आणि बँकांचा आपापसातला हिशोब नंतर होतो. चेक दिला तर तो वटण्याआधी 'स्टॉप पेमेंट' करता येतं. इथे मधे थांबवायला जागाच नाही. पिन टाकला म्हणजे सही करून नोटा हातात दिल्या, असं समजा. तुम्ही तक्रार करताना बहुधा 'रक्कम पोहोचली नाही' हा पर्याय निवडला असेल, कारण तो यादीत वरच असतो. ती तक्रार समोरच्या बँकेकडे एकच प्रश्न घेऊन जाते, रक्कम जमा झाली का? तिथून उत्तर आलं, हो झाली. तक्रार बंद. यंत्रणेच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बरोबर आहे. तुमचा प्रश्न वेगळा होता, तो कुणी विचारलाच नाही. 'चुकीच्या व्यक्तीला पाठवले' अशा अर्थाचा पर्याय बहुतेक अ‍ॅपमध्ये असतो, शब्द जरा वेगवेगळे असतात. त्याच व्यवहारावर जाऊन तो निवडून पुन्हा तक्रार टाका. अ‍ॅप दुसरी तक्रार घेत नसेल तर थेट बँकेकडे लेखी द्या. तसंही लेखी द्यायचंच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमची बँक तो पैसा ओढून आणू शकत नाही. समोरची बँकसुद्धा तिच्या खातेदाराच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम काढून तुम्हाला देऊ शकत नाही. खातेदाराची चूक झाली असेल तर बँकेचं काम निरोप्याचं. तुमची बँक त्या बँकेला कळवते, ती तिच्या ग्राहकाला विचारते, तो हो म्हणाला तर रक्कम उलट फिरते. शाखेतल्या मुलाने तुम्हाला हे सांगायला हवं होतं. 'पोलिसांत जा' म्हणून त्याने टोलवलं, ही मात्र बँकेच्या सेवेतली त्रुटी आहे. ती लक्षात ठेवा, पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली तर तीच कामी येईल.

पोलिसांनी का हात वर केले तेही समजून घ्या, ते अगदीच चुकीचं नाही. चुकून आलेले पैसे जाणूनबुजून ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहार ठरू शकतो, पण तो अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. शिवाय त्या माणसाला पैसे चुकून आलेत हे कळलं आणि तरी तो देत नाही, असं झाल्यावरच गुन्ह्याची गोष्ट सुरू होते. आज तुमच्या बाबतीत त्याला कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून पहिला अर्ज बँकेला. मोठं निबंधलेखन नको. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून द्यायचो:

'माझ्या बचत खाते क्रमांक अमुक मधून दिनांक अमुक रोजी, इतक्या वाजता, रु. १८,००० (अक्षरी अठरा हजार फक्त) यूपीआयने पाठवताना माझ्याकडून चुकीचा मोबाइल क्रमांक निवडला गेला. यूटीआर क्रमांक अमुक. रक्कम ज्यांच्या खात्यात गेली त्यांचे अ‍ॅपमध्ये दिसणारे नाव अमुक, यूपीआय आयडी अमुक. व्यवहार मी स्वतः केला आहे, यात फसवणुकीचा संशय नाही. लाभार्थी बँकेशी संपर्क साधून त्यांच्या ग्राहकाच्या संमतीने रक्कम परत मिळवून द्यावी आणि त्यासाठी केलेल्या पत्रव्यवहाराचा दिनांक व संदर्भ क्रमांक मला लेखी कळवावा.'

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर अर्ज टेबलावर पडून राहतो आणि 'पाठवलंय वरती' हे उत्तर महिनाभर पुरतं. यूटीआर म्हणजे व्यवहाराच्या तपशिलात दिसणारा १२ अंकी क्रमांक. अ‍ॅपचा स्वतःचा लांबलचक अक्षरं-आकड्यांचा क्रमांक वेगळा असतो, लोक तोच लिहून देतात आणि काउंटरवरच्या माणसाला व्यवहार सापडत नाही. सोबत स्क्रीनशॉट आणि पासबुकातल्या किंवा स्टेटमेंटमधल्या नोंदीची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर हाच मजकूर बँकेच्या तक्रारीसाठीच्या ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय गप्प बसू नका.

दुसरीकडे, त्या माणसाशी स्वतः बोला. नंबर तुमच्याकडे आहेच. इथे अलीकडे एक अडचण झालीय, ती आमच्या वेळी नव्हती. 'तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, परत पाठवा' हा आता ठगांचा आवडता डाव आहे. कधी पैसे आल्याचा नुसता खोटा मेसेज असतो. कधी खरेच पैसे येतात, पण ते तिसऱ्याच कुणाचे तरी लुबाडलेले असतात, आणि भलत्याच खात्यात 'परत' करणारा स्वतः चौकशीत अडकतो. त्यामुळे तुमचा फोन गेला की समोरचा प्रामाणिक माणूसही घाबरतो. फोन कट करतो, नंबर ब्लॉक करतो, आणि आपण समजतो की चोर आहे. माझ्या अनुभवात चुकून आलेले पैसे ठेवून घेण्याची ठरवून इच्छा असणारे थोडे, घाबरून गप्प बसणारे पुष्कळ.

म्हणून त्याला 'पैसे परत पाठवा' म्हणूच नका. असं सांगा: 'दादा, तुम्ही मला काहीच पाठवू नका. माझ्या बँकेतून तुमच्या बँकेला पत्र जाणार आहे. तुमच्या शाखेत जाऊन खात्री करा आणि ही रक्कम जिथून आली तिथे परत करायला हरकत नाही, एवढं लिहून द्या.' लिंक, क्यूआर कोड, पिन, ओटीपी यातलं काहीही तुमच्या तोंडून निघता कामा नये. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने फोन केलेला बरा. मी एका प्रकरणात खातेदाराच्या आईलाच बोलायला सांगितलं होतं. समोरच्या बाईंनी त्याच संध्याकाळी शाखा गाठली. त्या आधी तीन दिवस आमच्या फोनवर विश्वासच ठेवत नव्हत्या.

आणि यात घाई करा. कारण नीतिमत्तेपेक्षा व्यावहारिक आहे. ज्या खात्यात तुमचे पैसे गेले त्याला कर्जाचा हप्ता जोडलेला असेल तर? एकदा एकाचे ११,००० रुपये अशाच खात्यात गेले. ५ तारखेला हप्ता कापला गेला आणि खात्यावर दोनशे-अडीचशे रुपये उरले. तो माणूस परत करायला तयार होता, पण देणार कुठून? शेवटी त्याने चार महिन्यांत थोडे थोडे करून दिले. मिळाले हेच नशीब.

आता १९३० चं. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे. तिथे नोंदवलेली तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिच्यापर्यंत पोहोचते आणि ती रक्कम, पुष्कळदा अख्खं खातंच, रोखलं जातं. लुबाडणुकीत हाच तिचा मोठा उपयोग आहे. पण तुमच्या प्रकरणात काय होईल? माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. पंप दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराच्या खात्यात कुणाचे तरी ९,५०० रुपये चुकून आले. पाठवणाऱ्याला कुणीतरी सल्ला दिला, की फसवणूक म्हणून टाक, लगेच मिळतील. टाकली. कारागिराचं खातं गोठलं. त्याच्या गिऱ्हाइकांचे पैसे अडकले, दुकानाचं भाडं थकलं. गंमत म्हणजे तो पैसे परत द्यायला आधीच कबूल झाला होता, शाखेत तसं लिहूनही देणार होता. आता खातं रोखलेलं असल्यामुळे बँक त्यातून एक रुपयाही हलवू शकत नव्हती. पुढचे पाच महिने दोघेही पोलीस ठाणं आणि बँक यांच्यामध्ये फिरत होते, आणि कारागीर म्हणायला लागला, 'आता कोर्टातूनच घे.' त्याचा राग मला समजत होता. खोटी माहिती दिल्याचं बालंट पाठवणाऱ्यावर आलं असतं, ते वेगळंच.

खरोखर लुबाडणूक झाली असेल तर मात्र उलटं. तिथे अर्ज, पोच, शाखा हे सगळं नंतर, आधी १९३०. पहिला तास-दोन तास महत्त्वाचे. ठग पैसे एका खात्यात ठेवत नाही, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे पुढे ढकलतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. तक्रार वाटेत कुठे गाठते त्यावर किती रक्कम रोखली जाईल हे ठरतं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरायचा, बँकेला कळवायचं. रोखलेली रक्कम आपोआप परत येत नाही. ती मिळवायला पुष्कळदा न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली करायचे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३. 'होल्ड झालेत' हे ऐकून लोक निश्चिंत होतात आणि सहा-सहा महिने हा अर्जच करत नाहीत.

याच संदर्भात रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक छापून घेऊन येतात. त्यात म्हटलंय, की तुमच्या संमतीशिवाय, तुमची किंवा बँकेची चूक नसताना, बाहेरच्या कुणाच्या करामतीने व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. वाचायला फार छान. पण पिन तुम्ही स्वतः टाकला असेल, कुणी गोड बोलून टाकायला लावला असेल, तर बँक तो 'संमतीशिवाय' मानत नाही. तुमच्या प्रकरणाला तर हे परिपत्रक लागूच नाही. त्यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका.

तिसरा प्रकार म्हणजे पैसे अडकणं. तो सगळ्यात सोपा, म्हणून दोन वाक्यांत. खात्यातून वजा झाले पण समोरच्याच्या खात्यात जमाच झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यक्ती-व्यक्तीच्या व्यवहारात दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराच्या व्यवहारात पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. प्रत्यक्षात मागावी लागते, आणि मागताना परिपत्रकाची तारीख लिहिली की फायली हलतात. एक मात्र करा, 'पेंडिंग' दिसत असताना तीच रक्कम लगेच पुन्हा पाठवू नका. दोन्ही पोहोचतात आणि अडकलेल्या पैशांचं प्रकरण चुकून गेलेल्या पैशांचं होऊन बसतं.

तुमच्याकडे परत येतो. समजा बँकेने पत्र पाठवलं आणि तो माणूस नाही म्हणाला, किंवा उत्तरच देईना. मग काय? बँकेकडे तक्रार दिल्यापासून ३० दिवस थांबा. तोवर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण तक्रार कशाबद्दल आहे ते नीट लिहा. 'माझे १८,००० द्या' असं लिहिलंत तर ती टिकणार नाही, कारण चूक तुमची आहे, बँकेची नाही. 'मी अमुक तारखेला लेखी अर्ज देऊनही बँकेने लाभार्थी बँकेशी पत्रव्यवहार केला नाही, केला असल्यास मला कळवला नाही' असं लिहिलंत तर ती सेवेतली त्रुटी, आणि त्यावर लोकपाल बँकेला विचारू शकतो. तसं पत्र आलं, की महिनाभर न हललेली गोष्ट आठवड्यात हलते, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अनुभवलंय. याच विषयाचा दावा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग न्यायालय. पोलिसांकडच्या तक्रारीची आडकाठी नाही.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे, आणि जुना आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ७२ सांगतं, की ज्याला चुकून पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. यूपीआय येण्याच्या १४४ वर्षं आधीची ही ओळ वकिलाच्या नोटिशीत फार उपयोगी पडते. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. अडचण पत्त्याची. त्या माणसाचा पत्ता बँक तुम्हाला देणार नाही, गोपनीयतेमुळे देऊही शकत नाही. न्यायालयाने किंवा पोलिसांनी मागितला तर देते. म्हणून १८,००० साठी दाव्यापर्यंत जायचं का, याचा विचार स्वतः करा. मी तुमच्या जागी असतो तर नोटीस पाठवण्यापर्यंत गेलो असतो, एनसी नोंदवली असती, आणि पत्ता मिळाला तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच्या तडजोडीसाठी, अर्ज केला असता. कोर्टाचं पत्र घरी आलं की पुष्कळ लोक आपणहून तडजोडीला येतात. रक्कम दोन-अडीच हजार असती तर मी दोन फोन आणि एक अर्ज करून विषय सोडला असता.

अजून एक. पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणी तुम्हाला निरोप पाठवला, किंवा इंटरनेटवर शोधलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवरच्या माणसाने स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेल्याची तक्रार करणारा माणूस हे अशा लोकांचं ठरलेलं गिऱ्हाईक. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. १९,००० गेले म्हणून आलेल्या आणि ते मिळवताना आणखी ६२,००० घालवलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी तासभर पाणी देत बसवलं होतं. त्यांना घरी जाऊन सांगायची भीती वाटत होती.

तुम्ही खाली विचारलंय की जुना नंबर दुसऱ्याला मिळतोच कसा. बंद झालेला नंबर ९० दिवस उलटल्यावर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि नवा मालक त्यावर स्वतःचं खातं जोडतो. ३० जून २०२५ पासून अ‍ॅपने पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दाखवणं बंधनकारक आहे. म्हणजे तुमच्या पडद्यावर मावशीच्या नावाऐवजी त्या माणसाचं नाव आलं असणार, घाईत वाचलं गेलं नाही. तुमच्या संपर्कयादीत सेव्ह केलेलं 'मावशी' वर मोठ्या अक्षरात असतं आणि खरं नाव खाली बारीक, त्यामुळे असं होतं. हे नाव अर्जात जसंच्या तसं लिहा, स्पेलिंगसकट, कारण समोरची बँक आपला ग्राहक ओळखताना ते ताडून बघते. मावशीचा जुना नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधून आजच काढून टाका. दिवाळीची भाऊबीज त्यावर पाठवणारं आणखी कुणीतरी घरात असणारच.

उद्या शाखेत अर्ज द्या आणि पोचेवरची तारीख इथे लिहा. तिसावा दिवस त्यावरून मोजू, आणि लोकपालाच्या तक्रारीचा मजकूर लागलाच तर तोही लिहून देतो.